पिवळ्या काठाच्या टोप्या

“मॅडम, एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल.”

कलाताई बोरसे असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात मोसंबं होतं आणि मोसंब्यावर त्यांनी विणलेली टोपी. आमच्या मंडळाची टोपी तपासायची हीच पद्धत होती. मोसंब्यावर नीट बसली तर सातव्या-आठव्या महिन्यात आलेल्या बाळाची, सोललेल्या नारळावर बसली तर दिवस भरलेल्या बाळाची. दर गुरुवारी दुपारी धुळ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सात-आठ जणी जमायच्या, आठवडाभर विणलेल्या टोप्या माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी एक मोसंबं, एक नारळ घेऊन परीक्षक म्हणून बसायचे. सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी दुसऱ्याच्या चुका काढायची हौस फिटली नव्हती.

पास झालेल्या टोप्या मी गरम पाण्यातून काढायचे, वाळवायचे आणि शनिवारी सरकारी दवाखान्यात नेऊन द्यायचे. तिथे कमी वजनाच्या बाळांचा वॉर्ड होता. ती बाळं काचेच्या पेटीतून बाहेर आली की त्यांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवतात. तेव्हा डोक्यावर टोपी लागतेच, नाहीतर आईकडून मिळालेली ऊब डोक्यावाटे निघून जाते.

“मागा ना,” मी म्हणाले.

“एकदा मला तुमच्याबरोबर न्याल का? आत नाही येणार मी. दारातूनच बघेन. माझी टोपी बाळाच्या डोक्यावर कशी दिसते, तेवढंच.”

मी हातातली टोपी मोसंब्यावर उगाच गोल फिरवली. तिच्यात चूक सापडणार नव्हती, हे मला माहीत होतं. कलाताईंचा हात इतका सारखा होता की एक टाका सैल नाही आणि एक आवळलेला नाही. पांढरं अंग आणि काठाचा शेवटचा फेरा हळदीच्या रंगाचा. प्रत्येक टोपीला तसाच काठ. पहिल्या दिवशी मी मास्तरणीच्या आवाजात विचारलं होतं, “ह्या पिवळ्याचं काय प्रयोजन?” तर त्या लाजून म्हणाल्या होत्या, “सगळ्यांच्या टोप्या एकत्र जाणार. त्यात माझी कुठली, ते मला कळायला पाहिजे ना.”

“सिस्टर बाहेरच्यांना येऊ देत नाहीत हो,” मी म्हणाले. “जंतूंची भीती असते.”

“हो, ते बरोबरच आहे.” त्यांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली. “पण बसतात ना नीट? घट्ट नाही ना होत?”

“छान बसतात.”

“कुणी काही म्हणतं का?”

“परवाच एक बाई म्हणाली, हा पिवळा काठ बाळाला किती शोभतो.”

हे मी का म्हणाले, देव जाणे. साधं खोटं भागलं असतं. पण आमचा हात नक्षीचा. कलाताईंनी पदर ओठांशी धरला आणि हसू लपवत चपला घालून निघून गेल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्याची खात्री केली आणि मी त्यांच्या टोप्या उचलून मागच्या जिन्याखाली गेले. तिथे दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. त्यातली मागची उघडली आणि त्या टोप्या आत टाकल्या. आत आधीच चाळीसच्या वर होत्या. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कलाताईंची एकसुद्धा टोपी दवाखान्यात गेली नव्हती.

कारण सांगते. लाज वाटते, तरी सांगते.

कलाताईंना मूल नव्हतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, नवरा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, दोघंच घरात. त्या मंडळात आल्या त्याच आठवड्यात सोनवणे वहिनी माझ्या कानाशी लागल्या. सोनवणे वहिनी शेजारच्याच गल्लीतल्या, मनाने वाईट नाहीत, पण तोंडाला झाकण नाही.

“मॅडम, राग मानू नका, पण हिच्या हातचं पहिलंवहिलं नव्या जिवाच्या डोक्यावर घालायचं? तिची स्वतःची कूस उजवली नाही. आधीच ती बाळं नाजूक.”

मी त्यांना असं फैलावर घेतलं की बाकीच्या विणायच्या थांबल्या. “वहिनी, हे माझ्या घरात बोलायचं नाही. बाईच्या हातात कला असते, तिथे कूस कुठून आली? शिकल्यासवरल्या बायका आपण. पुन्हा असं ऐकलं तर मी मंडळ बंद करीन.” कुणीतरी म्हणालं, “मॅडम बोलल्या ते खरं आहे.” सोनवणे वहिनींनी मान खाली घातली. थोड्या वेळाने कलाताई पिशवी घेऊन आत आल्या, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत त्यांना माझ्या शेजारी बसवलं. फार बरं वाटलं मला त्या दिवशी स्वतःबद्दल.

आणि त्याच शनिवारी टोप्या धुताना त्यांच्या दोन टोप्या मी बादलीबाहेर काढून ठेवल्या.

माझी वृंदा तेव्हा पोटुशी होती. एकुलती एक मुलगी. आधी दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर एक शब्द बोलली नव्हती. त्यानंतर मी काय काय मानायला लागले, ते मी कुणालाच सांगितलं नाही. ग्रहणात तिला हालू दिलं नाही, घरात सुरी-कात्री उघडी ठेवली नाही. आणि कलाताईंच्या टोप्या दुसऱ्या कुणाच्या बाळाला बाधतील की नाही, हा विचारही मी केला नव्हता. मला एवढंच वाटायचं की माझ्या हाताने त्या कुणाला दिल्या आणि तिकडे काही वाईट झालं, तर ते फिरून माझ्या वृंदाकडे येईल. असल्या भीतीला काही तर्क नसतो. तिच्या डोहाळजेवणाला मी गल्लीतल्या वीस बायका बोलावल्या आणि कलाताईंना म्हणाले, “घरच्या घरीच केलं हो.” त्या म्हणाल्या, “बरं केलंत, जास्त दगदग नको तिला.” त्यांचं घर आमच्यापासून पाचवं. वीस बायकांच्या चपला त्यांना दिसल्या नसतील असं मला वाटलं, म्हणजे मी किती शहाणी.

सातवा संपला तशी वृंदा बाळंतपणाला माझ्याकडे आली. आणि त्याच आठवड्यात थंडी पडली. धुळ्याची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. सोमवारी दवाखान्यातून सिस्टर पाडवींचा फोन आला. नंदुरबारकडच्या होत्या, मोजकं बोलायच्या.

“मॅडम, टोप्या संपल्या. चौदा बाळं आहेत. आया ओढणीची टोकं बांधतायत डोक्याला, ती सुटून जातात. आहेत का तुमच्याकडे?”

“गुरुवारी येतील,” मी म्हणाले. “शनिवारपर्यंत देते.”

“आज काहीच नाहीत?”

“नाहीत.”

फोन ठेवला आणि मी जिन्याखाली गेले. खरंच गेले. पेटीच्या कडीला हात लावला. तेवढ्यात आतून वृंदाने हाक मारली, “आई, लवकर ये, बघ कसं लाथा मारतंय.” मी कडी सोडली. पदराला हात पुसले, जणू काही लागलं होतं, आणि आत जाऊन तिच्या पोटावर ठेवले. शनिवार काही लांब नाही, असं मी मनाला सांगितलं. सगळ्यांना फोन केले, म्हटलं, हात चालवा, दवाखान्यात टोप्या नाहीत.

गुरुवारी सगळ्या वेळेआधी आल्या. सोनवणे वहिनींनी पाच आणल्या, कुणी तीन, कुणी चार. कलाताईंनी अकरा आणल्या. बोट सुजलं होतं, त्यावर पट्टी बांधलेली.

“अकरा कशा केल्या?” सोनवणे वहिनींनी विचारलं.

“यांनी तीन दिवस भाकरी केल्या,” कलाताई म्हणाल्या. “वाकड्या, पण केल्या.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मोसंबं हातात घेतलं आणि पहिली टोपी तपासायला घेतली.

आता वृंदाचं सांगते. तिला मी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. पण ऐकेल ती माझी मुलगी कसली. बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ सुती लागतं. त्या दुपारी तिच्या मनात आलं की आईच्या जुन्या साड्या काढाव्यात आणि दुपटी, लंगोट फाडायला घ्यावेत. साड्या जिन्याखालच्या पुढच्या पेटीत होत्या. तिने मागची उघडली.

ती पुढच्या खोलीच्या दारात आली ती ओंजळ भरून टोप्या घेऊन. आणखी पाच-सहा तिच्या मोठ्या पोटावर तोलून धरलेल्या.

“आई, इतक्या गोड टोप्या जिन्याखाली काय करतायत? पेटी भरलीय नुसती. ह्या तू केल्यास? पिवळा काठ बघा किती छान दिसतो.”

सगळ्यांना तो काठ ओळखीचा होता. कलाताईंच्या पुढ्यात तसल्याच अकरा ठेवलेल्या होत्या. सोनवणे वहिनींनी एकदा टोप्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग अशा नजरेने बघत राहिल्या की ती नजर मला आजही विसरता येत नाही.

मी मोसंबं धरून बसले होते. पन्नास मुलींच्या वर्गाला गप्प करणारी बाई मी. मोसंब्यावरची टोपी उगाच सारखी करत राहिले.

“माझ्याच त्या,” कलाताई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. “मीच मॅडमना सांगितलं होतं, माझ्या टोप्या वेगळ्या काढून ठेवा म्हणून. थंडीत लागतात ना जास्त. साठवून ठेवल्या होत्या आम्ही.”

“तरीच,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांचे हात पुन्हा हलायला लागले. सोनवणे वहिनींचे सोडून.

वृंदा खाली बसली, कलाताईंच्या शेजारीच. एक टोपी मुठीवर चढवून बघत म्हणाली, “मावशी, मी एक ठेवून घेऊ? माझ्या बाळाला?”

कलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. जे होतं ते त्यांना नीट वाचता आलं असणार, कारण त्यांनी हळूच वृंदाच्या मुठीवरची टोपी काढून घेतली.

“नको बाळा. ह्या धुतलेल्या नाहीत. तुझी आई देईल ना विणून, तिच्याइतकं चांगलं कुणाला येतं?”

चहा झाला. एकेक जण उठली. कलाताई शेवटी थांबल्या, टोप्या मोजून पिशवीत भरत होत्या. वृंदा आत जाऊन आडवी झाली होती.

“कलाताई,” मी म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं.

“तिचे दिवस कधी भरतात?”

“फेब्रुवारीत.”

“नीट होईल सगळं.” त्या पिशवीच्या बंदाला गाठ मारत होत्या. “मॅडम, ऑगस्टमध्ये तुम्ही सोनवणे वहिनींना बोललात ना, तेव्हा मी बाहेर पायरीवर होते. चप्पल काढत होते. सगळं ऐकलं मी.”

मी खाली बघितलं.

“परत फिरणार होते. सवय आहे मला, कुणी म्हटलं की परत फिरायची. बारशाला, ओटीला, सगळीकडून फिरलेय. पण तुम्ही बोललात आणि मी आत आले. घरी जाऊन यांना सांगितलं, शिकलेल्या बाईने सांगितलंय, तसं काही नसतं.” त्या जरा थांबल्या. “मला खरं वाटायला लागलं होतं.”

त्यांनी ओरडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. मी ऐकून घेतल्या असत्या. त्या फक्त म्हणाल्या, “उद्याच देऊन टाका ह्या. शनिवारपर्यंत नका थांबू. थंडी फार आहे.”

“तुम्ही चला उद्या माझ्याबरोबर,” मी म्हणाले. माफ करा म्हणायचं होतं. ते सोडून बाकी सगळं म्हणू शकले असते, म्हणून हे म्हणाले.

“सिस्टर येऊ देत नाहीत ना बाहेरच्यांना?”

“देतील. मी सांगते.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही रिक्षाने गेलो. रात्रीच मी सगळ्या टोप्या उकळत्या पाण्यातून काढून, पंख्याखाली वाळवून, इस्त्री फिरवून ठेवल्या होत्या. रिक्षात पिशवी मी मांडीवर घेतली होती. कलाताईंनी चांगली साडी नेसली होती, मोरपंखी, आणि बोटाची पट्टी बदलली होती. वाटेत एकदाच बोलल्या, “किती वजनाची असतात हो ती?” मी म्हटलं, “किलोभर. काही त्याहून कमी.” त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांची ओंजळ केली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

सिस्टर पाडवींनी पिशवी उघडली आणि पहिल्यांदाच मला त्यांचं हसू दिसलं. “एवढ्या? सोमवारी तर नाही म्हणालात.”

“ह्यांनी विणल्या,” मी म्हणाले.

“मग ह्यांनाच घालू दे. या मावशी, चपला बाहेर काढा, हात धुवा कोपरापर्यंत.”

कलाताईंनी हात धुतले. साबण लावून धुतले, पट्टी ओली होईल म्हणून ती सोडून टाकली आणि पुन्हा धुतले. इतका वेळ धुतले की सिस्टरांनी आतून हाक मारली.

पहिल्याच खाटेवर साक्रीकडची एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. गाऊनच्या आत, छातीशी बाळ. वर कांबळं. कांबळ्यातून फक्त डोकं दिसत होतं, अगदी मोसंब्याएवढं, त्यावर ओढणीची एक सुटलेली चिंधी. मुलीने ती काढून घेतली आणि कलाताईंना जागा व्हावी म्हणून जरा सरकली.

“घाला मावशी,” ती म्हणाली.

कलाताई टोपी दोन्ही हातांनी ताणून वाकल्या. टोपी डोक्यापासून वीतभर अंतरावर आली. आणि तिथेच थांबली. मी शेजारीच उभी होते. त्या सरळ झाल्या, मागे सरल्या आणि टोपी माझ्यापुढे धरली.

“मॅडम, तुम्ही घाला. तुम्ही लेकुरवाळ्या आहात.”

टोमणा नव्हता त्यात. याला आता तेरा वर्षं झाली, आणि त्या वाक्यात टोमणा होता का, हे मी शेकडो वेळा शोधून पाहिलंय. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती, त्या इवल्याशा डोक्यासाठी. ऑगस्टमध्ये त्यांच्या मनातून मी काढलेली गोष्ट मीच आदल्या दिवशी परत घालून ठेवली होती.

म्हणायचं ते मला पाठ होतं. सोनवणे वहिनींना किती ठसक्यात म्हणाले होते. ‘तुम्हीच घाला, काही होत नाही’, एवढंच म्हणून त्यांचा हात धरायचा होता. पण सिस्टर खोळंबल्या होत्या, मुलगी वर बघत होती, आणि घरी माझी वृंदा आठव्यात होती.

मी टोपी घेतली आणि घातली.

कलाताई दारापर्यंत मागे गेल्या होत्या. मागताना म्हणाल्या होत्या तसं दारातूनच बघत होत्या. “घट्ट नाही ना होत?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

मग बाकीच्या तेराही मीच घातल्या.

फेब्रुवारीत वृंदाला मुलगी झाली, दिवस भरून, सव्वातीन किलोची. बारशाला मी स्वतः जाऊन कलाताईंना बोलावून आले. त्यांनी कंबर धरल्याचं सांगितलं. मी आग्रह केला नाही, आणि पायऱ्या उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकते.

पण दवाखान्यातून आलो त्याच्या पुढच्याच गुरुवारी त्या मंडळात आल्या होत्या. मला वाटलं नव्हतं येतील. आपल्या जागेवर बसल्या आणि सहा टोप्या माझ्यापुढे ठेवल्या. मी एक उचलली. टाके नेहमीसारखेच, एक सैल नाही, एक आवळलेला नाही. अंग पांढरं, काठही पांढरा. सहाच्या सहा तशाच होत्या.

“पिवळी लोकर संपली का?” मी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आहे घरी.”

सोनवणे वहिनी मान खाली घालून विणत होत्या. मी मोसंबं पुढे ओढलं आणि टोपी त्यावर चढवली.